४४३ नाबाद : पूना क्लबवर न झालेला सत्कार

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या पूना क्लब मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला आणि महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली, ती संपेचना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर बाद झाले, पण निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी विश्रांतीसाठी खेळ थांबला तेव्हा धावफलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा होत्या. निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ४९४ मिनिटे फलंदाजी, ४९ चौकार आणि एक षटकार. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्यापुढे जगात फक्त एकच आकडा उरला होता, तो म्हणजे १९३० च्या जानेवारीत डॉन ब्रॅडमन यांनी सिडनीला केलेल्या नाबाद ४५२ धावा. बरोबरीला नऊ धावा कमी होत्या आणि विक्रमाला दहा. सकाळपासूनचा रंग पाहता दोन-तीन षटकांचे काम होते.

ती षटके टाकली गेलीच नाहीत. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी महाराष्ट्राचे कर्णधार गोखले यांना सांगितले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. विक्रमापुरता वेळ द्या, दोन षटकांत डाव घोषित करतो, अशी गोखल्यांची तयारी होती. ठाकोरसाहेबांनी ऐकले नाही. काठियावाडच्या खेळाडूंनी सामान आवरले आणि संघ परतीच्या वाटेला लागला. सामना महाराष्ट्राला बहाल झाला. निंबाळकरांच्या नावापुढे ४४३ हा आकडा कायमचा थांबला. आपल्या संघाविरुद्ध विश्वविक्रम झाला अशी नोंद पुस्तकात राहू नये, हा त्या माघारीमागचा हेतू होता, असे आजवर मानले गेले आहे. ठाकोरसाहेबांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. ५८८ धावांनी मागे पडलेला, उन्हात दीड-दोन दिवस चेंडूमागे धावून थकलेला संघ, आणि निकालाचा प्रश्न कधीच मिटलेला. अशा वेळी समोरच्याने केवळ एका माणसाच्या आकड्यासाठी आपल्याला आणखी राबवावे, हे कोणालाही खटकेल. म्हणूनच या प्रसंगाकडे निव्वळ खिलाडूवृत्तीचा अभाव म्हणून पाहणे अपुरे आहे. त्यामागे एक मोठा प्रश्न आहे. एखादा खेळाडू विक्रमाच्या किंवा कारकिर्दीतल्या मोठ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर येतो, तेव्हा मैदानाने त्याच्यासाठी थांबायचे का? थांबायचे तर कोणी, किती आणि कशासाठी?

उत्तर शोधताना आधी सिडनीला गेले पाहिजे, कारण ब्रॅडमनच्या त्या ४५२ धावांच्या दिवशी नेमके उलटे घडले होते. न्यू साउथ वेल्सचा दुसरा डाव ८ बाद ७६१ वर घोषित झाला, तेव्हा मैदानावर चोपले गेलेल्या क्वीन्सलँडच्या खेळाडूंनी २१ वर्षांच्या ब्रॅडमनला उचलून घेतले आणि खांद्यांवरून तंबूपर्यंत नेले. त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. हा सामना क्वीन्सलँड ६८५ धावांनी हरले, म्हणजे त्यांची दशा काठियावाडपेक्षा काही बरी नव्हती. दुसरा प्रसंग आपल्याला अधिक जवळचा. १५ नोव्हेंबर १९४७ ला सिडनीलाच ब्रॅडमन यांनी प्रथम श्रेणीतले शंभरावे शतक पुरे केले, ते लाला अमरनाथ यांच्या भारतीय संघाविरुद्ध. चहापानाआधीच्या शेवटच्या षटकासाठी अमरनाथ यांनी गोगुमल किशनचंद या क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या खेळाडूच्या हाती चेंडू दिला, त्याच्यावर एक धाव काढून ब्रॅडमन शंभरीला पोहोचले, आणि भारतीय खेळाडूंनी भर मैदानात त्यांचे अभिनंदन केले. या दौऱ्यावरच्या संघात विजय हजारे होते, विनू मंकड होते, दत्तू फडकर होते. स्वतंत्र भारताचा तो पहिलाच परदेश दौरा, मालिकेत पराभव पदरी आला, पण समोरच्याच्या मोठेपणाला मैदानावर दाद देण्यात आपला संघ कमी पडला नाही. त्यानंतर अवघ्या १३ महिन्यांनी पुण्यात आपल्याच माणसाला ही दाद मिळाली नाही.

या प्रसंगांतून मला एक गोष्ट ठामपणे दिसते. मैदानावरचा सत्कार हा खेळाडूला द्यायचा इनाम नाही. ती प्रतिस्पर्ध्याने द्यायची पावती आहे. पदक, धनादेश, पद्म पुरस्कार, पेन्शन या गोष्टी मंडळाने किंवा सरकारने केव्हाही द्याव्यात. पण जे घडले ते खरोखर घडले, पूर्ण ताकदीनिशी विरोध करूनही घडले, हे सांगण्याचा अधिकार फक्त समोर उभ्या असलेल्या अकरा जणांचा असतो, आणि तो तिथल्या तिथेच बजावता येतो. चेंडू टाकणाऱ्याने हात पुढे केला की आकड्याला वजन येते. प्रेक्षक त्याचे साक्षीदार होतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली चौकट, वर्षअखेरीचा समारंभ किंवा पन्नास वर्षांनंतरचा गौरवग्रंथ यांतून हे साधत नाही. म्हणूनच कारकिर्दीतल्या टप्प्यांसाठी मैदानावर जाहीरपणे थांबले पाहिजे, असे माझे मत आहे. आणि ते थांबणे कसे असावे याच्या अटीही याच कारणातून निघतात.

पहिला आक्षेप नेहमीचा आणि वजनदार आहे. क्रिकेट हा सांघिक खेळ, मग एका माणसाच्या आकड्याला एवढे डोक्यावर का घ्यायचे? विक्रमाच्या नादाने संघाचे नुकसान होते, हे काही खोटे नाही. सचिन तेंडुलकरच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकाची देशाने वर्षभर वाट पाहिली. १६ मार्च २०१२ ला मीरपूरला ते झाले, आणि तो सामना भारत बांगलादेशाकडून हरला. पण हा आक्षेप विक्रमासाठी खेळण्याला लागू पडतो, झालेल्या विक्रमाला दाद देण्याला नाही. कर्णधाराने निर्णय संघासाठीच घ्यावा, आणि महाराष्ट्राच्या कर्णधारांनी तो घेऊन दाखवला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ५९४ धावा जोडल्या. हजारे आणि गुल महंमद यांची बडोद्यासाठीची ५७७ धावांची भागीदारी १९४७ पासून रणजी करंडकात अव्वल होती, ती मागे पडली. कोणत्याही गड्यासाठीच्या भागीदारीचा विश्वविक्रम संगकारा आणि जयवर्धने यांच्या ६२४ धावांचा. तो ३० धावांवर होता. गुगळे स्वतः ३५१ वर नाबाद होते आणि कर्णधारही तेच होते. त्यांनी २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. पुढे दिल्लीच्या ऋषभ पंतने ३०८ धावा ठोकल्या, दिल्ली ५९० पर्यंत पोहोचली, आणि पहिल्या डावातली आघाडी महाराष्ट्राकडे राहिली. गुगळ्यांचा निर्णय त्यांच्या संघाच्या हिताचा होता. १९४८ मध्येही डाव घोषित करायचा की नाही हे गोखल्यांनी ठरवायचे होते. ते ठरवण्याची वेळच प्रतिस्पर्ध्याने येऊ दिली नाही, ही खरी तक्रार आहे. आणि गुगळे-बावणे यांच्याबद्दलही एक बोच उरतेच. त्या हंगामात रणजीचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर होते. ज्यांना या धावांचा अभिमान वाटावा ते लोक पुण्यात, नगरमध्ये, मराठवाड्यात होते, वानखेडेच्या पायऱ्यांवर नव्हते.

आकडे स्वस्त झाले की सत्कारही स्वस्त होतो, असेही म्हटले जाते. १९४८-४९ च्या हंगामाकडे पाहिले तर यात तथ्य वाटते. याच हंगामात पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपांत्य सामन्यात ३८ गडी बाद होताना २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे कुठेही झालेल्या नाहीत. मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला आणि त्यावर महाराष्ट्राने ६०४ केल्या. त्या काळी पुण्याच्या खेळपट्ट्या गोलंदाजांना दाद देत नव्हत्या, हे उघड आहे. तरीही या सपाट खेळपट्ट्यांवर अनेक नामवंत फलंदाज खेळून गेले आणि ४४३ वर एकच माणूस पोहोचला. भारतीयाचा आणि रणजी करंडकाचाही तो आजवरचा सर्वोच्च डाव आहे. अनुकूल खेळपट्टी सगळ्यांनाच मिळते, आठ तासांवर टिकणारी एकाग्रता मिळत नाही.

कारकिर्दीचे टप्पे तर याहून वेगळे असतात, आणि त्यांच्यासाठी मैदानावर थांबण्याचे कारण मला अधिक सबळ वाटते. एक डाव एका दिवसाच्या तेजाने होतो. दहा हजार धावा किंवा शंभर शतके होण्यासाठी पंधरा-वीस वर्षे रोज हजर राहावे लागते. अमेरिकेतल्या बेसबॉलने ही गोष्ट आपल्या आधी ओळखली. बाल्टिमोरच्या कॅल रिपकेन यांचा सर्वांत मोठा विक्रम फटक्यांचा नाही, हजेरीचा आहे. लू गेरिग यांनी सलग २१३० सामने खेळून ठेवलेला विक्रम १९३९ पासून अबाधित होता. ६ सप्टेंबर १९९५ ला रिपकेन सलग २१३१ वा सामना खेळत होते. नियमानुसार पाच डावांचा टप्पा झाला की सामना अधिकृत ठरतो. तो ठरला, मैदानाशेजारच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवर लावलेला आकडा बदलला, आणि खेळ २२ मिनिटे थांबला. सहकाऱ्यांनी रिपकेनला ढकलून मैदानाभोवती फेरी मारायला लावली. तो प्रेक्षकांशी हात मिळवत गेला आणि कॅलिफोर्निया एंजल्सच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या बाकापाशी येऊन त्यांच्याशीही. त्याच्या आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे हंगाम अर्धवट सुटला होता, अंतिम मालिकाही झाली नव्हती, आणि प्रेक्षक खेळावर रुसले होते. त्या २२ मिनिटांनी बरीच माणसे परत आणली. सामना नंतर रीतसर पुरा झाला आणि बाल्टिमोरने तो ४-२ असा जिंकला.

हजेरीचा हा मान पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवड या उद्योगनगरीला नवा वाटायला नको. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को उभी राहिली, आणि गेल्या पंचवीस वर्षांत चाकणच्या माळावर वाहनांचे कारखाने पसरले. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी ही दुनिया. तरी एखाद्या मोठ्या आकड्याची गाडी लाइनवरून उतरते तेव्हा तिला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, शॉपमधली माणसे तिच्याभोवती उभी राहून फोटो काढतात. पंचवीस वर्षे पुरी केलेल्या कामगाराला त्याच्या सोबत्यांसमोर बोलावून घड्याळ दिले जाते. इथे कोणी विचारत नाही की पंचवीसच का, चोवीस का नाही. आकडा गोल असतो तो लोकांना एकाच वेळी एकत्र येता यावे म्हणून. सुनील गावसकरांची कसोटीतली दहा हजारावी धाव नऊ हजार नऊशे नव्याण्णवाव्या धावेपेक्षा अवघड नव्हती. पण ती धाव कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि म्हणून एक अख्खे मैदान त्या क्षणी एकत्र साक्षीदार होऊ शकले.

असे सोहळे म्हणजे परक्यांचा थाट, आपल्याकडे त्याची काय गरज, असे म्हणणाऱ्यांनी खेड, मावळ आणि भोसरीच्या जत्रा आठवाव्यात. कुस्तीच्या मैदानात निकाली डाव झाला की हलगी कडाडते, जिंकलेल्या मल्लाच्या डोक्यावर तिथेच फेटा बांधला जातो, तो मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातावर बक्षीस ठेवतात. उद्याच्या समारंभाची वाट पाहायची पद्धतच नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटातही तसेच. गाडा किती सेकंदांत वर आला हे घड्याळावर मोजले जाते, भोंग्यावरून गाडामालकाच्या आणि गावाच्या नावासह पुकारले जाते, गुलाल उधळतो, आणि दिवसभरातल्या सर्वांत वेगवान गाड्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून त्याच घाटात मान मिळतो. हरलेले गाडामालक तिथेच उभे असतात. न्यायालयाच्या बंदीमुळे काही वर्षे घाट ओस पडले आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा भरले, तेव्हाही ही रीत जशीच्या तशी परतली. पराक्रमाची नोंद पराक्रमाच्या जागीच, सगळ्यांच्या देखत व्हावी, ही या मुलखाची जुनी समजूत आहे. तिला बाल्टिमोरकडून काही उसने घ्यावे लागत नाही. उलट शहरातल्या क्रिकेटनेच ती सोडून दिली.

आता खऱ्या अडचणींकडे येतो, कारण मैदानावरचे सोहळे बिघडतात तेव्हा फार वाईट बिघडतात. सत्कार आधी की नंतर, हा त्यातला पहिला प्रश्न. १४ ऑगस्ट १९४८ ला ओव्हलवर ब्रॅडमन अखेरची कसोटी खेळायला उतरले, तेव्हा इंग्लंडचे कर्णधार नॉर्मन यार्डली यांनी आपल्या खेळाडूंना गोळा करून त्यांचा तीनदा जयघोष केला. एरिक हॉलिजच्या दुसऱ्याच चेंडूवर ब्रॅडमन शून्यावर त्रिफळाचीत झाले. चार धावा झाल्या असत्या तर कसोटीतली सरासरी शंभर झाली असती, ती ९९.९४ वर राहिली. डोळे पाणावल्यामुळे चेंडू दिसला नाही, ही गोष्ट ब्रॅडमन यांनी नाकारली, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा. वानखेडेवर नोव्हेंबर २०१३ मध्ये, अखेरच्या कसोटीत, वेस्ट इंडिजच्या खेळाडूंनी दोन्ही बाजूंना उभे राहून तेंडुलकरला मानवंदना दिली, आणि त्यानंतर त्याने ७४ धावा केल्या. म्हणजे आधीच्या मानवंदनेने खेळाडू हमखास डगमगतो असे नाही. तरीही फलंदाज गार्ड घेत असताना त्याच्या मनावर निरोपाचे ओझे टाकणे योग्य नाही. खेळाडूने टप्पा गाठावा, मग मैदानाने थांबावे. हा क्रम पाळला तर निम्मी तक्रार उरत नाही.

दुसरी अडचण बाजाराची. वानखेडेच्या आधीचा, तेंडुलकरचा १९९ वा कसोटी सामना कोलकात्यात झाला. विमानातून १९९ किलो गुलाबपाकळ्या उधळण्याचा बेत आखला गेला होता. तेंडुलकर १० धावांवर पायचीत झाला आणि सामना तीन दिवसांत संपला. खेळ आपल्या गतीने चालतो, त्याला कार्यक्रमपत्रिका बांधता येत नाही. वानखेडेवरचे जे मनात राहिले ते मात्र आयोजकांच्या यादीतले नव्हते. सामना संपल्यावर ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्या माणसाने केलेले भाषण, आणि नंतर एकट्याने खेळपट्टीपर्यंत जाऊन तिला केलेला नमस्कार. त्याला काही खर्च आला नाही, कोणाचे प्रायोजकत्व लागले नाही. मैदानावरचा सत्कार जाहिरातदाराच्या हाती गेला की प्रतिस्पर्धी त्यातून बाहेर पडतो, आणि प्रतिस्पर्धी नसेल तर तो सत्कार उरत नाही.

तिसरी अडचण वयाची. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली, मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, आणि पुढच्याच वर्षी, धावा होत नसताना, ती थांबवावी अशी विनंती त्याच्या वडिलांनी केली. एवढ्या प्रामाणिकपणाने वागलेल्या कुटुंबाला खरे तर वेगळाच सलाम करायला हवा. त्या मुलाचा सत्कार करणे चूक नव्हते. एका डावाला कारकिर्दीचा टप्पा समजून त्याच्या खांद्यावर सगळ्या राज्याच्या अपेक्षा ठेवणे चूक होते. वीस वर्षांच्या खेळाला जो मान द्यायचा तो पंधराव्या वर्षी देऊन टाकला तर पुढची वाट त्याच्यासाठी उताराचीच होते. त्याला हवे होते ते फक्त एवढेच, की समोरच्या शाळेच्या मुलांनी येऊन पाठ थोपटावी, आणि दुसऱ्या दिवशी सराव.

काहीच ठरवले नाही तर काय होते, तेही इतिहासात आहे. ७ मार्च १९८७ ला अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध इजाझ फकीहच्या चेंडूवर गावसकरांनी ५८ वी धाव घेतली आणि कसोटीत दहा हजार धावा करणारे ते जगातले पहिले फलंदाज ठरले. प्रेक्षक कुंपणावरून मैदानात घुसले आणि खेळ वीस मिनिटांच्या आसपास बंद राहिला. प्रेम खरे होते, पण खेळपट्टी, खेळाडू आणि पाहुणा संघ सगळेच धोक्यात आले. गावसकर ६३ वर बाद झाले. ॲंटिग्वात १८ एप्रिल १९९४ ला ब्रायन लाराने ३७५ धावांचा कसोटी विक्रम केला तेव्हाही लोक धावून आले, पण तिथे एक गोष्ट विचारपूर्वक झाली. ३६५ चा जुना विक्रम ज्यांच्या नावावर होता ते गारफिल्ड सोबर्स स्वतः खेळपट्टीपर्यंत चालत गेले आणि लाराला जवळ घेतले. ज्याचा विक्रम मोडला त्यानेच येऊन मोडणाऱ्याला मान्यता द्यावी, याहून नेमका सत्कार मला सुचत नाही. निंबाळकरांच्या बाबतीत असे काही घडले असेल तर ते टपालाने. तुमची खेळी माझ्या खेळीपेक्षा सरस होती, असे ब्रॅडमन यांनी त्यांना चिठ्ठी पाठवून कळवल्याचे सांगितले जाते. ऑस्ट्रेलियातल्या माणसाला जे कळले ते पूना क्लबवर हजर असलेल्यांना कळू नये, याचे दुःख वाटते.

उशिरा मिळालेले मान ही पोकळी भरून काढू शकत नाहीत. निंबाळकर पुढे १९६०च्या दशकापर्यंत खेळले. ८० प्रथम श्रेणी सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३. भारतासाठी अधिकृत कसोटी त्यांना एकदाही मिळाली नाही. २००२ मध्ये मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, ५४ वर्षांनी. पुरस्कार योग्यच होता, पण त्या दिवशी चेंडू टाकणारे कोणी समोर नव्हते. उद्योगनगरीतल्या मुरलीकांत पेटकर यांची कहाणी याच वाटेने जाते. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन अपंगत्व आलेल्या या सैनिकाने १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. पुढे टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री आली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये. तरी पेटकरांना एक गोष्ट मिळाली होती जी निंबाळकरांना नाही मिळाली. शर्यत पुरी झाली होती, आणि हरलेल्यांच्या समक्ष पदक गळ्यात पडले होते. मायदेशाने पाठ फिरवली तरी ती पावती कोणी हिरावू शकत नव्हते.

निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ ला कोल्हापुरात गेले, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर असताना. त्यानंतर नऊच दिवसांनी, २० डिसेंबरला, द्रुतगती मार्गालगत गहुंजे इथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या नव्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्याच्या आधीच्या महिन्यात याच मैदानावर केदार जाधवने उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा केल्या होत्या. जुन्या सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला ऋतुराज गायकवाड नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात एका षटकात सात षटकार मारून गेला, तेही देशांतर्गत सामन्यात, अहमदाबादला. मोठे आकडे इथल्या मुलांकडून पुढेही होणार आहेत, आणि बहुतेक मोकळ्या पायऱ्यांसमोरच होणार आहेत. तिथेच सत्काराची गरज सर्वांत जास्त आहे. तेंडुलकरसाठी देश आपणहून उभा राहतो. रणजी खेळणाऱ्यासाठी कोणीतरी उभे राहण्याची रीत घालून द्यावी लागते.

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने गहुंजेच्या सामन्यांपासून ती घालावी. एखाद्या खेळाडूचा शंभरावा सामना, पाच हजारावी किंवा दहा हजारावी धाव, तीनशेवा बळी, राज्याचा कोणताही जुना विक्रम मोडणारा आकडा, यांची यादी हंगामाआधी दोन्ही कर्णधारांच्या आणि पंचांच्या हाती असावी. धावफलक बिनचूक असावा. १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमद ४९९ वर धावचीत झाले, कारण फलकावर ४९६ दिसत होते. टप्पा पूर्ण झाल्यावर पंचांनी दोन मिनिटे खेळ थांबवावा, ध्वनिक्षेपकावरून खेळाडूचे नाव, गाव आणि आकडा सांगितला जावा, आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराने प्रथम जाऊन हात मिळवावा. हार नकोत, फलक नकोत, भाषणे नकोत. दोन मिनिटे संपली की पुढचा चेंडू. पिंपरी-चिंचवडच्या कंपनी स्पर्धांनी आणि शालेय सामन्यांच्या आयोजकांनीही एवढे करायला हरकत नाही. त्याची सुरुवात पुढच्या डिसेंबरात, महाराष्ट्राच्या पहिल्या घरच्या सामन्यात, नाणेफेकीनंतर भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांची नावे धावफलकावर लावून करावी, आणि काठियावाडचा वारसा सांगणारा सौराष्ट्राचा संघ पाहुणा असेल तर त्यांच्या कर्णधाराला शेजारी उभे राहण्याचे आमंत्रण द्यावे.